आफ्रिकेला ती गेली

माझ्या चुलत बहिणीला नवऱ्याकडे नैरोबीला जायची परवानगी मिळाली, ही बातमी मला काकांनी दिली. ते इस्लामपूरहून मुद्दाम आमच्या साताऱ्याच्या घरी आले होते. "परवाना आला बघ पोरीचा," असं म्हणून ते बशीतला चहा फुंकत बसले. "वा, छान झालं," मी म्हटलं, आणि आत जाऊन दुधाचं पातेलं असं काही आपटलं की सासूबाईंनी विचारलं, "काय गं, सांडलं का?"

सांडलं काहीच नव्हतं. पण ते स्थळ आधी मला आलं होतं.

लढाई संपली त्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा सांगलीत वडिलांकडे होते. मुलगा सांगलीचाच, आफ्रिकेत रेल्वेच्या हिशेबखात्यात नोकरीला, लढाईमुळं लांबणीवर पडलेली रजा मिळून घरी आलेला. मला बघायला आला तेव्हा त्यानं नाव-गाव काही विचारलं नाही. "एवढ्या लांब यायला भीती वाटेल का?" एवढंच विचारलं. मी "नाही" म्हटलं. त्यानं होकार कळवला आणि माझ्या वडिलांनी नकार. "उद्या पोर आजारी पडली तर कोण जाणार तिकडं?" ते म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

त्याची रजा संपत आलेली. वडिलांच्या धाकट्या भावानं, म्हणजे या काकांनी, आपली मुलगी देऊ केली. लग्न झालं, मी अक्षता टाकल्या. नवरा एकटाच परत गेला, कारण बायकोला न्यायचं तर तिकडं घर दाखवावं लागे, साहेबाची शिफारस लागे, आणि मग केव्हातरी परवानगी मिळे. त्याच वर्षी माझं लग्न साताऱ्यातल्या एका शाळामास्तरांशी झालं. माणूस सोन्यासारखा. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

परवाना आला म्हणजे लगेच बोटीत बसता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पासपोर्ट काढायचा. त्याचा अर्ज कलेक्टर कचेरीतून मुंबईला जायचा. त्याला फोटो हवा, पोलिसांची चौकशी हवी. मग देवीची लस, डॉक्टरचा दाखला, आणि हे सगळं जुळलं तर बोटीचं तिकीट. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे कामं साताऱ्यात. "तिला तुझ्याकडंच ठेवतो," काका म्हणाले. "तुला इंग्रजी येतं. तिला काय कळतंय?"

म्हणजे तिला आफ्रिकेला पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

आधी फोटो. ती डोक्यावरून पदर घेऊन खुर्चीत बसली. फोटोवाले म्हणाले, "कान दिसले पाहिजेत, बाई. सरकारचा नियम आहे." ती लाजून हलेचना. शेवटी मीच तिचा पदर खाली घेतला, केस नीट केले, हनुवटी वर केली. गोड दिसत होती. नवऱ्यानं पाठवलेलं मनगटी घड्याळ दिसावं म्हणून तिनं हात पुढं ठेवला होता. "फोटो गळ्यापर्यंतच येतो," मी तिला सांगितलं. खरं तेच सांगितलं, पण सांगताना बरं वाटलं.

मग कचेरी. कारकुनानं मान वर करून सरळ माझ्याकडेच पाहिलं. "आपणच जाणार ना परदेशी?"

मी उत्तर द्यायला थोडा वेळ लावला. तेवढ्या वेळात मी खरोखरच जाणार होते.

"ताई, सांग ना त्यांना," तिनं मला कोपरानं ढोसलं.

"ही जाणार," मी म्हटलं.

अर्ज इंग्रजीत भरायचा. तिच्या वतीनं मी भरला. जाण्याचं कारण या रकान्यात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझ्या नवऱ्याकडे जाण्यासाठी.' खाली तिनं मोडीसारखी वाकडीतिकडी सही केली. शाई वाळेपर्यंत मी तो कागद हातात धरून उभी होते.

तिच्या नवऱ्याच्या सूचनाही पत्रांतून येत असत. तिकडं पायात किडे शिरतात, म्हणून बंद बूट हवेत. आम्ही मोच्याकडून बूट करवून घेतले. घरी आल्यावर तिला ते चावायला लागले. मी घालून पाहिले, तर मला अगदी बरोबर बसले. तिला म्हटलं, "वापरून सैल होतील," आणि काढून दिले.

पासपोर्ट आला तेव्हा ती पुन्हा आमच्याकडं आली, लस टोचून घ्यायला. दवाखान्यातली नर्स वाळव्याकडची होती. "आवं, दंड सैल सोडा की," ती म्हणाली, "लय दुखत न्हाई. फोड आला की दावायला या." पण फोड आलाच नाही. दंड तसाच गोरापान राहिला. डॉक्टर म्हणाले, लस लागली नाही, पुन्हा टोचावी लागेल, आणि लागेपर्यंत दाखला मिळणार नाही. बोट चुकण्याची वेळ आली. तिचा चेहरा उतरला. माझ्या मनात आलं, नसेलच तिच्या नशिबात. आणि तरी तिला घेऊन मीच पुन्हा दवाखान्यात गेले, कारण दुसरं कोण जाणार होतं?

दुसरी लस लागेल का, याची वाट बघत आम्ही बसलो होतो. दुपारची वेळ होती, मी गहू निवडत होते, ती दंडावर फुंकर घालत होती. एकदम म्हणाली, "ताई, एक विचारू? हसू नकोस. मला त्यांचा चेहराच आठवत नाही."

"म्हणजे?"

"लग्नानंतर पंधरवडाभर तर होते. मान वर करून बघितलंय कधी मी? आता बंदरावर उतरल्यावर ओळखू कसं? तुला बघायला आले होते ना? तुला आठवतात?"

मला सगळं आठवत होतं. उजव्या भुवईत एक तुटकी जागा होती. बोलण्याआधी घसा खाकरायची सवय होती. कपाळ मोठं, कान थोडे बाहेर आलेले, आणि हसला की एकाच गालाला खळी. पोह्यातल्या मिरच्या त्यानं बशीच्या काठावर ओळीनं मांडल्या होत्या. मी एकेक सांगत गेले. ती डोळे मिटून ऐकत होती, पाठ करून घेत होती. मधेच म्हणाली, "कुठला गाल?"

"डावा," मी म्हटलं. मी गव्हातले खडे शोधत राहिले.

त्या खेपेस फोड आला, दाखला मिळाला. तिचे दीर तिला मुंबईपर्यंत पोचवायला सांगलीहून आले. सातारा रोड स्टेशनवर ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मीही रडले. "बहिणीबहिणींची माया," दीर म्हणाले. त्यांना काय माहीत.

परतताना टांग्यात मी आणि हे, दोघंच होतो. हे म्हणाले, "तुला जायला आवडलं असतं, नाही?"

"हो," मी म्हटलं. आणि घाईनं जोडलं, "त्याच्याकडं नव्हे हो. नुसतं जायला."

"मी काही म्हटलं का?" हे म्हणाले, आणि थंडी वाजेल म्हणून उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं. मी जे बोलले ते कितपत खरं होतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

पुढं तिची पत्रं यायला लागली. बोटीत सारखी उलटी झाली, पण बंदरावर नवऱ्याला तिनं लांबूनच ओळखलं. पत्र्याच्या छपराचं घर, मागं केळी. वर्षभरात ती तिथल्या बाजारात तिथल्याच भाषेत भाव करायला शिकली. ज्या मुलीला साताऱ्यात पदर खाली घ्यायचा धीर होत नव्हता, ती आता एकटी बाजारात जाऊन भांडत होती. ते वाचून मला बूट परत देतानासारखंच झालं, कदाचित जास्तच. मी पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. "पोरीनं नाव काढलं," त्या म्हणाल्या. मी "हो ना" म्हटलं आणि भाकरी थापायला बसले.