कप्तानांना न सांगता

कप्तानांना साडेबाराला जेवायला बोलावलं, की साडेअकरालाच ते आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर येऊन बसलेले असायचे. बेल मात्र बरोबर साडेबाराला वाजायची. मधला एक तास मांडीवर पिशवी ठेवून, पाऊस असला तर छत्री उघडून, तिथेच. मी बाल्कनीतून म्हणायची, "अहो काका, वर या की." ते हात हलवून म्हणायचे, "तुझं चालू दे. मी पोचलोय, बास." निखिल, म्हणजे माझा नवरा, वरून त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि सगळे हसायचे. परवा तोच छत्रीवाला फोटो कुणीतरी पुन्हा टाकला आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. माझं डोकंच फिरलं. मग ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं तर जुन्या फोटोखालचा पहिला हसरा चेहरा माझाच होता, तेव्हा आणखी फिरलं.

नाव सामंत. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात तीस-पस्तीस वर्षं काढलेली, सगळी नोकरी गिअरबॉक्सच्या चाचण्या घेण्यात गेली. समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच, की ते आणि सुनंदाकाकू चार वेळा कॅरिबियनच्या क्रूझवर जाऊन आले होते. काकू गेल्या आणि कप्तानांनी जाणं थांबवलं. लोकांना पाठवणं मात्र सुरू केलं. स्टुटगार्टच्या मराठी मंडळींत कुणी क्रूझचं नाव काढायचा अवकाश, की "कप्तानांना विचार" हे ठरलेलं. विचारणारे त्यांनी बनवलेली निळी फाइल घेऊन जायचे, संध्याकाळच्या संध्याकाळी त्यांच्याकडून फुकट काढून घ्यायचे, आणि परत आल्यावर त्यांना साधा एक फोन करायचं यांच्या जिवावर यायचं.

त्यांची पद्धत अशी की आधी पासपोर्ट मागायचे. बोटीचे फोटो, बेटांची नावं, सगळं नंतर. "भारतीय पासपोर्ट आहे ना? मग अमेरिकेचा व्हिसा, आणि तोही पुन्हा पुन्हा आत जाता येईल असा. बोट फ्लोरिडाहून निघते आणि फ्लोरिडालाच परत येते. म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरणार. गेनाऊ?" हे 'गेनाऊ', म्हणजे 'बरोबर ना', ते समोरच्याने मान हलवेपर्यंत म्हणत राहायचे. विमान आदल्या दिवशी पोचणारंच घ्यायचं, कारण फ्रँकफर्टला बर्फ पडला तर बोटीला त्याचं काही नसतं. मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं आणि पोहायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. "नाहीतर पहिला अख्खा दिवस तुम्ही जीन्स घालून तलावाकडे बघत बसाल," असं ते म्हणायचे. एकदा एका नव्या जोडप्याबरोबर ते व्हिसाच्या मुलाखतीला थेट फ्रँकफर्टपर्यंत गेले आणि बाहेर तीन तास उभे राहिले. त्या जोडप्याला आज विचारा, सामंतांचं पहिलं नाव काय. सांगता येणार नाही.

केबिन निवडताना ते बोटीचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरायचे. "खोली काय बघतेस? खोलीच्या डोक्यावर काय आहे ते बघ." वर तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज, नाच असेल तर रात्रभर धडधड. मळमळणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर राहायचं, तिथे हेलकावा कमी. आमच्या ओळखीच्या एकांनी ऐकलं नाही, ऐन तलावाखालची खोली घेतली आणि परत येऊन कप्तानांनाच ऐकवलं, की तुमची ती बोट काही झोपू देत नाही. कप्तानांनी चक्क माफी मागितली. मी असते तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं.

खाण्याबद्दल त्यांचा सल्ला मला सगळ्यात आवडायचा. "पहिल्या संध्याकाळी हेडवेटरशी ओळख करून घ्या. नाव विचारा. बऱ्याचदा गोव्याचा निघतो. शाकाहारी आहोत सांगा, दुसऱ्या दिवसापासून तो वरणभात आणून देतो. मागायला लाजायचं नाही आणि मिळाल्यावर त्याला विसरायचं नाही." आणि घड्याळ. मनगटावरचं, काट्यांचं. बोटीवर चढल्याबरोबर ते बोटीच्या वेळेला लावायचं आणि मोबाइलकडे वेळेसाठी बघायचंच नाही, कारण बेटावर उतरलं की मोबाइल स्वतःहून बेटाची वेळ दाखवायला लागतो आणि बोट सुटते ती तिच्या वेळेने. हे ते इतक्यांदा सांगायचे की आमची मुलगी इरासुद्धा त्यांची नक्कल करायची, जर्मनमधून.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमचं आणि मिलिंद-केतकीचं ठरलं, की पुढच्या ईस्टरच्या सुट्टीत जायचं. मिलिंद निखिलच्या ऑफिसातला मित्र. कप्तान आमच्याकडे सात-आठ संध्याकाळी आले. इराच्या शाळेच्या सुट्ट्या, निखिल-मिलिंदच्या रजा, वादळांचा मोसम, सगळं बघून त्यांनी आराखडा करून दिला. शेवटच्या संध्याकाळी दारात बूट घालता घालता, वर न बघता म्हणाले, "या वेळी मीही येईन म्हणतो. तुम्हाला अडचण नसेल तर."

मी म्हटलं, "अहो काका, विचारता काय!"

त्यांनी स्वतःसाठी आतल्या, बिनखिडकीच्या केबिनवर नकाशात पेन्सिलने खूण करून ठेवली. "मला खिडकी कशाला? समुद्र बघायला तुमच्याकडे येईन की." पुढच्या आठवड्यात ते मला भारतीय किराणा दुकानात भेटले तेव्हा पायात नवे कोरे सँडल होते. भर सप्टेंबरात, मोज्यांवर. म्हणाले, "आत्तापासून वापरून ठेवतोय, तिथे चावायला नकोत."

आणि मग मिलिंदच्या घरी आम्ही पैसे भरायला बसलो. टेबलावर कप्तानांची फाइल, कप्तानांनी काढलेल्या केबिनचे नंबर, आणि मिलिंद म्हणतो, "यार, आपण सुट्टीवर चाललोय की क्लासला? आठ दिवस म्हातारा घड्याळ घेऊन मागे लागेल." केतकी म्हणाली, "मला तर त्यांच्यासमोर स्विमसूटमध्ये कसंतरीच होईल." निखिलने पैसे भरायला कार्ड काढलं, म्हणजे त्याला पटलं होतं. माणसाचं डोकं वापरायचं, त्याच्या संध्याकाळी वापरायच्या, आणि माणूस तेवढा नको. हे मी आज बोलते आहे. त्या दिवशी मी म्हटलं, "पण त्यांना काय सांगायचं?" एवढंच. पेन्सिलची खूण खोडरबराने मिलिंदने खोडली, पण खोडरबर शोधून दिला तो मी.

त्यांना सांगितलं, की या वर्षी जमत नाही, क्रूझ रद्द. ते म्हणाले, "आल्झो, बरं तर, मग पुढच्या वर्षी. फाइल नीट ठेव."

क्रूझ सुंदर झाली. ही गोष्ट मला अजून सोसत नाही, पण झाली. आमच्या डोक्यावर शांत गालिच्याचा मजला होता. पहिल्या दुपारी बाकीचे बॅगांची वाट बघत असताना इरा पाण्यात होती. हेडवेटर मडगावचा निघाला आणि दुसऱ्या रात्री त्याने खरोखर वरणभात आणला, वर लिंबाची फोड. निळ्या-हिरव्या पाण्यात मी तासन्‌तास पाय सोडून बसले. प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या वेळी कुणीतरी म्हणायचं, "कप्तान म्हणाले होते तसंच," आणि लगेच दुसरं कुणीतरी पुढच्या बेटाचं बोलायला लागायचं.

मेक्सिकोच्या बेटावर बोट दोन वाजता सुटणार होती, दीडपर्यंत परतायचं होतं. आम्ही सगळे किनाऱ्यावर होतो. मनगटावर घड्याळ एकाच्याही नाही. मिलिंद मोबाइल बघून म्हणाला, "साडेबारा. आरामात." आम्ही आणखी एकेक नारळपाणी प्यायलो. मोबाइलमध्ये एक वाजून दहा मिनिटं, म्हणजे बोटीच्या वेळेने दोन वाजून दहा मिनिटं झालेली असताना धक्क्यावर पोचलो, तर बोट पाण्यात पुढे निघून गेलेली आणि धक्क्यावरचे कामगार दोर गुंडाळत होते. इरा म्हणाली, "ममा, दास शिफ इस्ट वेग." बोट गेली, हे मला दिसत होतंच. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत, निखिलच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिथेच, आणि आम्ही ओल्या कपड्यांत पाच जण. मिलिंद धक्क्यावरच्या माणसावर इंग्रजीत ओरडत होता. मग ओरडणं संपलं आणि माझ्याकडे वळून, नजर चुकवत म्हणाला, "कप्तानांना फोन लाव."

मीच लावला. जर्मनीत संध्याकाळचे आठ वाजले होते. "बोल गं, किती दिवसांनी," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, आमची बोट सुटली."

एवढ्यावरून त्यांना सगळं कळलं असणार. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या बेटावर? मुलगी बरोबर आहे ना? पाणी आहे?" तुम्ही गेलात कधी, हे नाही विचारलं. "घाबरू नका. रोज केबिनमध्ये जो छापील कागद येतो, त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. कागद आहे? नाही. बरं. फाटकावरच्या माणसाला बोटीचं नाव सांगा आणि एजंटचं ऑफिस विचारा. बोट सुटण्याआधी केबिनमधले पासपोर्ट काढून त्याच्याकडे देतात. आता चालायला लागा, मी फोनवर आहे." आणि ते खरंच होते. एजंट सापडेपर्यंत, पासपोर्ट हातात येईपर्यंत, औषधाचं दुकान, फ्लोरिडाच्या विमानाचं बुकिंग, रात्रीचं हॉटेल, सगळं होईपर्यंत जवळजवळ सव्वा तास ते लाइनवर होते. जीव भांड्यात पडला तेव्हा त्यांनी विचारलं, "इरा जेवली का?"

परत आल्यावर मिलिंद ही गोष्ट पार्ट्यांत सांगायला लागला. "कप्तानने रिमोट कंट्रोलने वाचवलं," असं म्हणून टाळी मागतो. एकदा मी टाळी दिली नाही आणि म्हटलं, "त्यांना न सांगता आपण का गेलो होतो, तेही सांग." केतकीने विषय भेंडीच्या भाजीवर नेला. मिलिंद आता आमच्याकडे फारसा येत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

पण मी तरी काय मोठी? महिनाभर कप्तानांच्या दारावर गेले नाही. मग कळलं, की ते त्सुफेनहाउझेनचं घर सोडून बॉनला मुलीकडे कायमचे चाललेत. तेव्हा गेले, खोकी भरायला मदत करते म्हणून. काकूंचे स्टीलचे डबे ते एकेक वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मी शेजारी बसून गुंडाळायला लागले. पाच-सहा डबे झाल्यावर त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मग? केव्हा ठरलं होतं तुमचं?"

सगळं खरं सांगायचं ठरवूनच मी आले होते. येताना एस-बानच्या लोकलमध्ये मनात वाक्यं जुळवली होती. आणि तोंडातून निघालं, "अचानक ठरलं हो काका. अगदी शेवटच्या क्षणी."

पाच जणांचे व्हिसे, इराची सुट्टी, दोघांची रजा, ईस्टरची विमानं. यातलं काही अचानक होत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी हे कुणाला ऐकवत होते? ज्याने ते सगळं स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, त्याला. कप्तानांनी हातातला डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्यांनी नीट वाचला असणार, गिअरबॉक्समधला बारीकसा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस तो.

"हो," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी."

मला याचा राग येतो. त्यांनी मला तिथल्या तिथे धरायला हवं होतं. खोटं बोलतेस, लाज वाटत नाही, म्हणायला हवं होतं, म्हणजे मला रडून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी माझं खोटं ठेवून घेतलं, उठले, आणि चहा घेशील ना, असं विचारलं. मी हो म्हटलं.