मामा वाळूवर, आम्ही वाटेवर

श्रावणातला सोमवार होता आणि आम्ही जळगाव जामोदच्या वर, सातपुड्यात होतो. आम्ही म्हणजे मी, हे आणि माझे मामा. हरवले कोण, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही...

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सात वर्षं झाली असतील. आमचं लग्न नुकतंच झालेलं. ट्रेकिंग हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता, पण मामांना डोंगरात भटकायचं वेड होतं. मास्तरकी सांभाळून त्यांनी सगळ्या पायवाटा पालथ्या घातल्या होत्या. भाचजावयाला धबधबे दाखवायचेच, असं त्यांनी मनावर घेतलं. हे बिचारे बँकेतले क्लार्क, नवीन चपला घालून आले होते.

धबधबा छान होता. त्याच्या खाली नदीला वाळूचा मोठा किनारा होता. तिथे दशम्या खाल्ल्या, पाण्यात पाय सोडून बसलो. उठताना मामांचा पाय शेवाळावरून सटकला आणि घोटा बघता बघता सुजला. त्यांना पाऊलही टाकवेना.

गावातून माणसं आणि बाज घेऊन यायची, एवढंच आमच्या हातात होतं. पण वाट फक्त मामांना ठाऊक! त्यांनी गाव कुठल्या दिशेला ते सांगितलं, आपला पंचा टराटरा फाडला आणि चिंध्या माझ्या हातात दिल्या. "वाट फुटली का तिथच्या झाडाले एक बांधत जाय पोरी. येतानी चुकणार नाई." मी तसंच केलं. मामांना एकटं सोडून जाताना मी सारखी मागे वळून पाहत होते, कारण त्या भागात अस्वलं होती आणि हे मामांनीच सकाळी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

गाव सापडलं. पण माणसं बाहेर गेलेली; दोन तासांनी दोन भाऊ परतले आणि लगेच बाज घेऊन निघाले. कुठला किनारा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धबधबा आहे, वाळू आहे, एक उंबर आहे... थोरला म्हणाला, "बाई, असं तं सात-आठ जागी हाये." काही हरकत नाही, म्हटलं, आम्ही खुणा केल्या आहेत. केवढ्या ऐटीत म्हटलं!

पहिल्या फाट्यावर आलो आणि मी बघतच राहिले. डावीकडच्या झाडाला चिंध्या. उजवीकडच्याही झाडाला चिंध्या. लाल, हिरव्या, पांढऱ्या... मधे येऊन गेलेल्या सरीने भिजून सगळ्या सारख्याच मळकट झालेल्या. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. "तू इतक्या बांधल्यास?" असं हे मला विचारतात! लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण त्या झाडाखाली झालं.

पुढच्या फाट्यावरही तेच. मला तर वाटायला लागलं, आपण या वाटेने आलोच नव्हतो. कोणी मुद्दाम करतंय का? चकवा म्हणतात तो हाच का? मामांना मोठमोठ्याने हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. ढग खाली उतरले होते आणि उजेड कमी व्हायला लागला होता.

इतक्यात धाकट्या भावाने बाज खाली ठेवली, डोक्याच्या फडक्याची एक पट्टी फाडली, झाडाला बांधली आणि हात जोडले.

"अहो, हे काय करताय?"

"चिंध्यादेव हाये ना बाई. बांधल्याबिगर पुढं जात नसतेत."

मी कपाळावर हात मारला. रानवाटेवर झाडाला चिंधी दिसली की आपलीही एक बांधायची आणि सुखरूप पोचव म्हणायचं... लहानपणापासून मीही बांधत आले होते! सोमवारी डोंगरातल्या महादेवाला जाणाऱ्यांनी माझ्या चिंध्या पाहिल्या आणि देव समजून आपापल्या बांधल्या. गर्दी झाली तशा कुणी शेजारच्या झाडाला, कुणी त्याच्या पुढच्या. सगळा डोंगर देवाचा झाला होता आणि आमचे मामा कुठे होते ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग अंदाजाने एक वाट धरली. ती चुकली. म्हणजे आम्ही नदीकाठी न उतरता धबधब्याच्या वरच्या कड्यावर निघालो. खाली वाकून पाहिलं.

वाळूवर दहा-बारा बायका गोल करून बसल्या होत्या. डोक्यावर पदर, माना खाली. मधे पांढरं काहीतरी आडवं. आपल्याकडे बायका अशा कधी बसतात, ते मला कुणी सांगायला नको होतं. यांनी पायातल्या चपला काढून हात जोडले.

आणि मग त्या पांढऱ्यातून एक हात वर आला. त्यात खोबऱ्याचा तुकडा होता...

धावत, घसरत खाली गेलो. बायका वडनेर भोलजीकडच्या होत्या, महादेवाहून परत निघालेल्या. त्यांनी मामांना गारठा लागू नये म्हणून पांढरं पांघरूण घातलं होतं, पायाला पाला वाटून बांधला होता आणि प्रसाद भरवत मान खाली घालून त्यांच्या गोष्टी ऐकत होत्या. मामा झोपल्या झोपल्या वर्ग घेत होते! खाली गावात त्यांच्या बैलगाड्या खोळंबल्या होत्या, घरी जाऊन उपास सोडायचे होते. "तुम्ही थांबलात कशाला?" मी रडतच विचारलं. त्यांतली म्हातारी म्हणाली, "एकल्या माणसाले रानात टाकून कसं जावाव माय?" तिचं नाव विचारलं तर म्हणे, "नावाचं काय करतं? त्याईले उचला पह्यले."

बाजेवर घेताना मामांनी मला जवळ ओढलं. जंगलात कशाला घाबरायचं, असं आम्हाला जन्मभर सांगणारा माणूस हळूच म्हणाला, "ह्या आल्या नसत्या तं मी रडलो असतो वं."

त्या बायका आता कुठे असतील, असतील की नाही, मला माहीत नाही. पण एखादा माणूस एकटा बसलेला दिसला की माझ्याच्याने पुढे जाववत नाही.