मिलिटरी छापाचे बारा किल्ट

यातलं किती मी डोळ्यांनी पाहिलं आणि किती नुसतं ऐकलं, याची मला आता खात्री नाही. शिंप्याच्या टेबलाखाली चिंध्या साठतात तसे किस्से साठत जातात. कुठली चिंधी कुठल्या कापडाची, हे झाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. तरी सांगतो. चूक आढळली तर ती माझीच समजा. बहुतेक वेळा तसंच असतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मस्कतला, रुवीत, एका टेलरिंगच्या दुकानाचा मॅनेजर होतो. वस्त्रशास्त्रातली पीएच.डी. घेऊन! मुंबईतली गिरणी बंद पडली, तिची लॅब बंद पडली, आणि धाग्याची ताकद मोजणारा माणूस वेटरांच्या कोटांची बटणं मोजू लागला.

दुकानात आम्ही तिघे. दाऊद मास्तर रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं त्याच मशीनवर. शंकर लांज्याचा, कटर. कात्रीपेक्षा त्याची जीभ धारदार. आणि तिसरा मी.

आमचे अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, बरकाला राहायचे. एके दिवशी आले, उभ्याउभ्या चहा प्याले आणि म्हणाले, "रेडीमेडने धंदा खाल्ला. ईदनंतर दोनच व्हिसे रिन्यू करीन. खलास."

माणसं तीन, व्हिसे दोन!

शंकर म्हणाला, "मास्तर, तुम्हीच जा आता. नातवंडं खेळवा."

मास्तर सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "खेळवीन रे. पण ती मला बघून रडतात. गावात मी पाहुणा हाय. पाहुण्याला किती दिवस वाढतात?"



*

त्याच आठवड्यात अझैब्याला राहणारा एक स्कॉटिश इंजिनिअर दुकानात आला. उंच, लाल, घामाघूम. दर शुक्रवारी तो बारा जणांचा ग्रुप घेऊन डोंगरात भटकायचा. त्याला किल्ट हवे होते. त्याच्या देशातले पुरुष घालतात तो चुण्यांचा घागरा. पण लोकरीचा नको, उकडतं. सुती हवा, आणि मिलिटरी छापाचा.

"का?" मी विचारलं.

"डोंगरात शोभेल," तो म्हणाला.

शंकर मराठीत पुटपुटला, "बारा बाप्ये, बारा परकर. मास्तर, नाड्या कुठल्या रंगाच्या?"

"गप," मास्तर म्हणाले. "हे परकर शिवले तर तिसरा व्हिसा मिळेल."

मग आम्ही तिघांनीही त्या गिऱ्हाइकाला खुर्ची दिली. एकाच वेळी, तीन खुर्च्या!

*

नमुन्यासाठी साहेबाने हँगरला लटकवलेल्या किल्टचा फोटो दिला होता. चुण्या स्पष्ट दिसत होत्या. त्या पुढे की मागे, एवढाच प्रश्न होता.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही शिकलेले. सांगा," मास्तर म्हणाले.

मी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला आणि म्हणालो, "पुढे. निऱ्या पुढेच असतात."

साहेब ट्रायलला आला. किल्ट नेसला, आरशात पाहिलं, आणि तो कमरेभोवती फिरवून घेतला. चुण्या मागे गेल्या. कमरेला बांधायचे पट्टे मात्र भलतीकडे आले. तो सभ्य माणूस. म्हणाला, "ऑलमोस्ट!"

मास्तर आठवडाभर जेवले नाहीत धड. "बावीस वर्षांत मला कोणी ऑलमोस्ट बोललं नव्हतं," म्हणायचे. माझ्याकडे मात्र एकदाही बोट केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

*

मग मास्तरांनी सगळं उसवलं आणि नव्याने सुरुवात केली. एका किल्टला सात-आठ मीटर कापड. चुण्या अशा बसवायच्या की मिटल्यावर नक्षी सलग दिसावी. चौकड्यांच्या कापडाला हे जमतं. पण डागाडागांच्या छापाला काय जुळवणार?

मास्तर दोन दिवस कापड जमिनीवर पसरून खडू घेऊन रांगत होते. तिसऱ्या दिवशी ओरडले, "सापडला!" उंटाच्या मानेसारखा एक हिरवा डाग ठरावीक अंतराने परत येत होता. त्याच्या हिशेबाने त्यांनी प्रत्येक चुणी बसवली. डागाला डाग, मानेला मान.

शंकर कंटाळला. "अहो मास्तर, हा छाप दिसू नये म्हणूनच असतो!"

मास्तर म्हणाले, "मग न दिसणारं काम वाकडं करायचं काय?"

मी गिरणीच्या लॅबमध्ये चौदा वर्षं काढली. असं वाक्य मला एकदाही सुचलं नाही.

*

किल्ट चालताना कसा पडतो ते बघायचं म्हणून एका शुक्रवारी मास्तरांनी हट्टाने आम्हाला डोंगरात नेलं. साहेबाचा अख्खा ग्रुप नवे किल्ट घालून वाडीत उतरला. वाडी म्हणजे तिथली कोरडी नदी. तपकिरी दगड, तपकिरी कापड. दहा मिनिटांत माणसं गायब!

मास्तर डोळे बारीक करून शोधत राहिले. "शंकर, काम दिसतंय काय रे?"

"काम नाय दिसत. गुडघे दिसतायत."

खरंच, दगडांतून चोवीस पांढरे गुडघे चालले होते.

तिथे शेळ्या चारणारा एक म्हातारा ओमानी होता. साहेब परत आला तेव्हा म्हाताऱ्याने त्याचा किल्ट चिमटीत धरून पाहिला, शिवण पाहिली, मान डोलावली. मग कापडावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जैश."

जैश म्हणजे लष्कर. एवढं अरबी मला येत होतं.

"काय बोलला तो?" मास्तरांनी विचारलं.

"शिलाई चांगली आहे म्हणाला," मी सांगितलं.

मास्तर परतीच्या वाटेवर पूर्ण वेळ हसत होते.

*

साहेबाच्या मित्रांनी आणखी चाळीस किल्ट मागितले. अर्बाब खूश. "तिघांचेही व्हिसे! इन्शाल्ला!" मास्तरांनी घरी फोन केला, यंदा येत नाही म्हणून. पलीकडून बायको काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण मास्तर म्हणाले, "'बरं झालं' बोलली."

कापडाचे आणखी तागे मागवले. ऑर्डरवर सही माझी. कोणाला विचारावं का, असं मनात आलं होतं. सही केल्यावर आलं.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी लग्नाकार्यांत, कट्ट्यावर, डोंबिवलीच्या घरी पाहुण्यांसमोर किती वेळा सांगितला असेल!

शनिवारी सकाळी दुकानात दोन पोलीस आले. अगदी शांत. त्या देशात सैनिकांखेरीज कोणी मिलिटरी छापाचे कपडे घालायचे नसतात, विकायचेही नसतात, असं त्यांनी सांगितलं. तागे मोजले, गाडीत भरले. मग विचारलं, "कापड कोणी मागवलं?"

मास्तर मशीनवरून उठले. "मी."

"सही तर मॅनेजरची आहे. मॅनेजर कुठे?"

"सुट्टीवर. इंडियाला गेलेत. त्यांना यातलं कायच ठाऊक नाही."

पोलिसांनी ते लिहून घेतलं. शंकर खाली बघत उभा होता. दुकानाला ताकीद मिळाली, आणि अर्बाबांनी पंधरा दिवसांत मास्तरांना घरी पाठवलं. व्हिसे दोन राहिले, माणसं दोन राहिली. मी सुट्टीवर असल्यामुळे मास्तरांना पोचवायलाही जाऊ शकलो नाही. हे सगळं मला शंकरने नंतर सांगितलं.

किस्सा असाच आहे. मी नेहमी असाच सांगतो. फक्त सांगताना मला ट्रायल रूमचा पडदा आठवतो, नाकाला लागणारा, आणि त्याच्या पितळी कड्या वाजू नयेत म्हणून वर धरलेला हात.

दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना जुना पासपोर्ट सापडला. चष्मा पुसला, उजेडात धरला, एकेक पान पाहिलं. त्या अख्ख्या वर्षात ओमानमधून बाहेर पडल्याचा माझा एकही शिक्का नाही.