काटेरी झाडाखालचा उतारा

मुलांनो, आयर्लंडमध्ये चेटकिणी असतात का, असं तुम्ही मागे फोनवर विचारलं होतं. फोनवर मी हसून टाळलं. खरं उत्तर असं, की एका सकाळपुरती ती चेटकीण मीच होते.

तुमच्या आत्याला सातवा महिना होता. नास गावाच्या कडेला तिचं घर आहे आणि मागच्या कुंपणापलीकडे एका म्हाताऱ्या बाईंचं कुरण. बाई एकट्या राहतात, सहा गायी पाळतात. एप्रिल संपता संपता आम्ही आत्याचं डोहाळजेवण केलं. ओंगारहून, सिटीवेस्टहून तिच्या मैत्रिणी आल्या, ओटी भरली, किती छान दिसतेस म्हणाल्या. त्यानंतर दोन दिवस तिला अन्न गेलं नाही की झोप आली नाही. डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "आई, माझा विश्वास नाही, पण दृष्ट काढ."

विश्वास माझाही नव्हता. पण माझ्या आईचे हात मला पाठ होते. मीठमोहऱ्या विजेच्या शेगडीवर टाकल्या तर धुराचा अलार्म ओरडतो, म्हणून मी उतारा केला: दहीभात, वर कुंकू आणि एक अंडं. तिच्यावरून ओवाळून तो चौकात ठेवायचा असतो. इथे चौकात राउंडअबाउट. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी दिवेलागणीला तो कुंपणापलीकडे, कुरणातल्या एकट्या काटेरी झाडाखाली ठेवला. आत्या त्या रात्री पोटभर जेवली.

सकाळी बाई दारात उभ्या. हातात फावडं, फावड्यावर माझा उतारा. हात लावायचा नाही म्हणून फावडं.

"काल संध्याकाळी माझ्या शेतात कुणी दिसलं का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता.

आत्या मराठीत पुटपुटली, "आई, गप्प राहा. कोल्ह्याने आणलं असेल म्हणू."

पण मला कुतूहल आवरेना. मी विचारलं, "यात घाबरण्यासारखं काय आहे?"

बाईंनी सांगितलं. मे महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे कालच्याच संध्याकाळी, जिला दुसऱ्याची बरकत हवी असते, ती त्याच्या शेतात अंडं लपवते. मग त्याच्या गायी गाभडतात, दूध आटतं, लोणी येत नाही. "गेल्या वर्षी माझं वासरू पोटातच गेलं. लाल गाय आता कधीही विईल. हे हसण्यावारी नेऊ नका."

मी हसत नव्हते. उतारा म्हणजे तरी काय? एकाच्या अंगावरचं काढायचं आणि दुसऱ्याच्या वाटेत ठेवायचं. लहानपणी मी अशा भाताला वळसा घालून शाळेत जायची. माझ्याच आईच्या नियमांनी पाहिलं, तर बाईंची भीती बरोबर होती.

"मी ठेवलं," मी म्हणाले. "हिच्यावरून उतरवून."

बाई आत्याच्या पोटाकडे पाहत राहिल्या. "कितवा?"

"सातवा."

"मग तुम्ही माझ्याकडे टाकलंत होय? फारच शेजारधर्म."

"चुकलं माझं. परत घेता येत नाही. पण जाळता येतं का?"

त्यांच्या स्वयंपाकघरात जुनी लोखंडी चूल होती, खरा जाळ असलेली. उतारा तिच्यात टाकल्यावर अंडं फुटलं तशी बाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. मग त्यांनी विचारलं, "ते तुमचं ओवाळणं गायीला चालतं का?" मी गोठ्यात जाऊन लाल गायीवरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि त्याच चुलीत टाकल्या. धुराने दोघी खोकलो. हे आत्याला मी नंतर सांगितलं.

बाराव्या दिवशी बाई पायीच आल्या. कालवड झाली होती, उभी राहून पीत होती. त्यांनी एक बाटली पुढे केली. आत घट्ट, पिवळा चीक.

मी खरवस केला. गूळ, वेलची नेहमीसारखी, तरी कुठेतरी खारट लागला. त्याची वाटी आणि बाईंची बाटली घेऊन मी विचारायला गेले.

"चिमूटभर मीठ मीच घातलं," बाई म्हणाल्या. "दूध घराबाहेर जाताना घालतो, म्हणजे बरकत घरातच राहते. राग मानू नका, पण तुमचा काय भरवसा?"

त्यांची बाटली मी रिकामी परत केली नव्हती. तळाशी मूठभर साखर होती. त्यांनी ती उजेडात धरून निरखली.

"आणि हे कशासाठी?"