सान्तोनं वगळलेल्या ओळी

क्रिसान्तो पालमारेसला आमच्या ला पाझच्या बाजारात सगळे सान्तो म्हणतात. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागून आहे. मध्ये प्लायवुडची एक भिंत, तीही वरून अर्धी उघडी. तो शिंकला तरी मला कळतं. चौदा वर्षांत गिऱ्हाइकाशी त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. जुना पंखा बदलायचा असला तरी आधी फोन करून विचारणारा माणूस. नांग इलुमच्या बाबतीत त्यानं जे केलं ते मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला दुकानाबाहेर काढलं असतं. पण ते मला सान्तोनंच सांगितलं.

इलुमिनादा दोरोतेओ, आमची नांग इलुम, म्हणजे इलुमताई, रेडिओसाठी नाटकं लिहायची. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता तिची तिनाय यायची. तिनाय म्हणजे मासे विकणारी एक तोंडाळ बाई, गावातली भांडणं मिटवणारी आणि त्याहून जास्त लावून देणारी. त्या अर्ध्या तासात बाजारात कुणी भाव करत नसे. अकरा वर्षांपूर्वी मियागाओच्या रस्त्यावर प्रवाशांनी भरलेली जीपनी उलटली आणि नांग इलुमचं मानेखालचं सगळं शरीर गेलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपली तिनाय. पण सेबूहून आलेल्या एका इंजिनिअरनं तिच्यासाठी एक सोय करून दिली. कपाळावर चमकदार टिकली लावायची. पडद्यावरचा कॅमेरा ती टिकली बघतो आणि डोकं वळेल तसा बाण फिरतो. बाण एका अक्षरावर क्षणभर थांबवला की ते अक्षर उमटतं. एक पान लिहायला तिला दोन तास लागत. तरी आठवड्याला बारा पानं व्हायची. तो इंजिनिअर नंतर बोटीवर नोकरीला गेला आणि यंत्राची देखभाल सान्तोकडे आली. त्याबद्दल त्यानं कधी पैसे घेतले नाहीत.

जूनमध्ये सान्तो यंत्रातली धूळ साफ करायला गेला. नांग इलुमला बहिणीनं, ब्रिहिदानं, अंघोळीला नेलं होतं. पडद्यावर एक चौकट सारखी वर येत होती, तुमची सिस्टीम जुनी झाली आहे म्हणून. इतर वेळी विचारल्याशिवाय हात न लावणाऱ्या सान्तोनं त्या दिवशी ती चौकट दाबली.

"का दाबलीस?" मी नंतर विचारलं.

"तिला बरं वाटेल म्हणून. बाहेर येऊन बघेल तर सगळं नवंकोरं."

पाऊण तासानं सिस्टीम नवी झाली आणि टिकली बघणारा प्रोग्रॅम उघडेना. तो ज्या जुन्या भागांवर उभा होता, ते नव्या सिस्टीमनं काढून टाकले होते. सान्तोनं आधी प्रत काढून ठेवली नव्हती. नांग इलुम ओल्या केसांनी खुर्चीत परत आली तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "कॅमेरा गेलाय, नांग. दोन दिवसांत करून आणतो." आणि यंत्र उचलून तो दुकानात घेऊन आला.

त्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे. कुणीही घ्यावा आणि आपल्या यंत्रावर बांधावा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करावा. पण सहा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. सान्तोनं बांधायला घेतला, तर पहिल्याच पायरीला यंत्र म्हणालं, चित्रं वाचणारा भाग सापडत नाही. तो भाग तर समोर होता! अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर त्याला कळलं की भाग असून चालत नाही, बांधणीसाठी त्याची वेगळी पुरवणी लागते. ती घातली, तर आणखी दोन गोष्टी नाहीत. त्याही घातल्या. मग बांधणी साठ टक्क्यांपर्यंत गेली आणि पडदा लाल झाला. तीनशे ओळी चुकांच्या. शेवटची ओळ सांगत होती, बांधणी थांबली. त्या एका ओळीकडे सान्तो दोन दिवस बघत बसला होता. भिंतीपलीकडून मला फक्त पंख्याचा आवाज यायचा, आणि मधूनच एखादी शिवी.

पाचव्या दिवशी ब्रिहिदा आली. नारळाच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे इबोस आणले होते.

"खा, तोतो, खा रे बाळा. वाळलास बघ आमच्या कामापायी." मग हळूच म्हणाली, "ती नुसती छताकडे बघत असते रे. शनिवारचा भाग अर्धाच राहिलाय."

ती गेल्यावर सान्तोनं इबोस माझ्याकडे सरकवले. 

त्याच दुपारी त्याच्या लक्षात आलं की सगळ्या चुका एकाच फाइलमधून येत आहेत. त्या फाइलचं काम एवढंच होतं की डोक्याची बारीक थरथर गाळून बाण स्थिर ठेवायचा. माणसाचं डोकं दगडासारखं स्थिर कधीच नसतं, आपल्याला कळत नाही इतकंच. सान्तोनं विचार केला, थरथर गाळली नाही तर काय बिघडणार आहे? त्यानं त्या चाळीस ओळी वगळल्या. बांधणी विनातक्रार पार पडली. स्वतःच्या कपाळावर टिकली लावून त्यानं दोन मिनिटं बाण फिरवून पाहिला. त्याची मान धडधाकट, आणि त्याला काही पान लिहायचं नव्हतं. बरं चाललंय, असं त्यानं ठरवलं.

नांग इलुमच्या घरी बाण ठरेना. एका अक्षरावर नेला की शेजारच्या अक्षरावर उडायचा. तिचं स्वतःचं नावही तिला धड लिहिता येईना.

"हा थरथरतोय का रे?"

"नवा कॅमेरा आहे, नांग. सवय होईल."

तिनं आणखी थोडा प्रयत्न केला. मग डोकं उशीला टेकवलं आणि शांतपणे म्हणाली, "कॅमेरा नाही रे, तोतो. माझी मान चालली."

ब्रिहिदानं छातीवर क्रूसाची खूण केली. सान्तोनं तोंड उघडलं होतं, असं तो मला म्हणाला. शब्द जिभेवर होते. पण बोलला ते एवढंच, "थोडा आराम करा, नांग." समोर ठेवलेली कॉफी त्यानं संपवली आणि घरी आला.

पुढचे तीन आठवडे नांग इलुमनं मानेचे व्यायाम केले, सकाळ-दुपार, दुखून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गळ्याला पट्टा बांधला. एकदा चार शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून तिला जीपनीत चढवलं आणि डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मानेत काही दोष नाही. ती ब्रिहिदाला म्हणाली, "मला वाईट वाटू नये म्हणून बोलतात." लिहून होणारी पानं बारावरून पाचावर आली. सान्तो दर दोन-तीन दिवसांनी जायचा, टिकली बदलायचा, कॅमेरा पुसायचा, आणि काही न बोलता परत यायचा.

एका शनिवारी मी ब्लाउजची बाही जोडत होते, रेडिओ चालू होता. भाग संपल्यावर निवेदक म्हणाला, लेखिकेच्या प्रकृतीमुळे पुढच्या शनिवारी तिनाय आपला निरोप घेईल. मासळीच्या ओट्यांवर एकच गलका झाला. "निरोप कसला? अजून त्या सावकारणीचं भांडण कुठं मिटलंय!" कुणी ओरडली.  थोड्या वेळानं भिंतीपलीकडून जळका वास आला म्हणून मी धावले. सान्तोच्या हातातली तारा जोडायची तापलेली डागणी टेबलाच्या रबरावर टेकलेली होती आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

मी डागणी उचलून ठेवली. तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं.

"मग ऊठ, आत्ता जाऊन सांग," मी म्हटलं.

"मोडकं यंत्र समोर ठेवून काय सांगू? दुरुस्त तरी करू दे. गुरुवारपर्यंत."

"हे तिच्यासाठी की स्वतःसाठी?"

त्यानं डागणीचा प्लग काढला. आणि खरं सांगायचं तर मीही जोर केला नाही. गुरुवारपर्यंत थांबायला मी हो म्हटलं. ब्रिहिदा सोमवारी माझ्याकडे पट्ट्याला अस्तर लावून घ्यायला आली होती. मी मापं घेतली, अस्तर मऊ लावलं, आणि एक शब्द बोलले नाही. तेवढा वाटा माझाही आहे.

शेवटचा भाग लिहून झालाच होता, म्हणून सान्तोनं यंत्र दुकानात आणलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं. या वेळी वगळलेल्या ओळी परत घातल्या आणि चुका वरून वाचायला सुरुवात केली. तीनशेपैकी पहिली ओळ म्हणत होती, हे नाव मला माहीत नाही. बस. चित्रं वाचणाऱ्या त्या भागाच्या नव्या आवृत्तीत काही जुनी नावं काढून टाकली होती, त्यांच्या जागी नवी आली होती. बाकीच्या सगळ्या चुका त्या एका अडखळण्यातून निघालेल्या. त्यानं नावं बदलली. पुन्हा तीच चूक! पुन्हा तपासलं, पुन्हा तीच. मंगळवारची दुपार गेली तेव्हा कुठं समजलं की आधीच्या बांधणीच्या फोल्डरमध्ये जुन्या नोंदी साठलेल्या आहेत आणि यंत्र त्याच वाचून चाललंय. त्यानं तो अख्खा फोल्डर पुसला आणि पहिल्यापासून सुरू केलं. सत्तर टक्क्यांवर बाजाराची वीज गेली. दोन तास आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. बुधवारी दुपारी बांधणी पुरी झाली, एकही लाल ओळ नाही.

मी भिंतीवरून डोकावले. "झालं?"

"तीन नावं, नांग पासिंग," तो म्हणाला. "तीन नावं बदलायची होती. एका दुपारचं काम."

मी माझ्या मशीनवर परत जाऊन बसले.

गुरुवारी त्यानं मला बरोबर यायला सांगितलं. शेवटचा भाग तोपर्यंत रेकॉर्ड झाला होता. तिनाय होडीत बसून गिमारास बेटाकडे जाते आणि परत येत नाही, असा.

सान्तोनं यंत्र लावलं आणि ब्रिहिदानं दिलेला कॉफीचा कप हातात घेतला. नांग इलुमनं डोकं हलवलं, बाण सरळ गेला आणि नेमका अक्षरावर थांबला. दुसरं अक्षर. तिसरं. अख्खी ओळ झाली.

"ब्रिहिदा!" ती ओरडली. "अगं, मान सुधारली! काढ हा पट्टा! बघ, बघ कशी ऐकतेय!"

ब्रिहिदा रडत रडत पट्टा सोडायला लागली. त्या क्षणी सान्तो गप्प राहिला असता तर चालून गेलं असतं. दोघी आयुष्यभर देवाचे आभार मानत बसल्या असत्या. मी त्याच्याकडे बघत होते. 

"नांग, तुमची मान कधी बिघडलीच नव्हती."

मग त्यानं चौकट दाबल्यापासून सगळं सांगितलं, चाळीस ओळींसकट. नांग इलुम त्याच्याकडे बघत होती. त्या बाईला उठून जाताही येत नाही.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मी मान चालली म्हणाले तेव्हा?"

"हो, नांग."

"यंत्रं मोडतात रे. एक काय, दहा मोडली असतीस तरी मी चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं." तिचा आवाज बारीक झाला. "माझ्याकडे उरलंय काय, तर मानेच्या वरचं एवढंसं. आणि त्याच्याबद्दल तू मला खोटं मानू दिलंस. शवपेटी कुठल्या लाकडाची घ्यायची ते मी ब्रिहिदाला सांगून ठेवलं. तिनायला होडीत बसवलं तेव्हा माझे डोळे पुसायला ब्रिहिदा होती. आणि तू इथं बसून माझी कॉफी पीत होतास."

"नांग..."

"जा आता."

ब्रिहिदानं त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. आम्ही निघालो. 

शनिवारी तिनाय होडीत बसून गेली. सान्तो सोमवारी रेडिओ केंद्रात गेला, दोष माझा आहे, लेखिका ठणठणीत आहे, म्हणून सांगितलं. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, पण ती वेळ डिसेंबरपर्यंत एका मालिशच्या तेलवाल्याला दिली होती. त्यानं दुरुस्त केलेली तीन नावं इंटरनेटवर त्या प्रोग्रॅमच्या पानावर लिहून ठेवली. महिन्याभरानं कुठल्याशा देशातून एका बाईचा निरोप आला. तिच्या मुलासाठी तिला हीच बांधणी जमत नव्हती, आता जमली, फार आभार. सान्तोनं मला तो वाचून दाखवला आणि विचारलं, "हिला काय उत्तर देऊ?" मी म्हटलं, मुलगा कसा आहे ते विचार. त्यानं विचारलं.

दोन महिने नांग इलुमकडून बोलावणं आलं नाही. मग आलं, अटीसकट. यंत्रावर काहीही दाबण्याआधी मोठ्यानं सांगायचं आणि ती हो म्हणेपर्यंत थांबायचं. सान्तो तसंच करतो. "नांग, आता हे बंद करतोय." ती कधीकधी उगाच "नको" म्हणते. तो हात मागे घेतो आणि वाट बघतो. जानेवारीत तिचं नवं नाटक सुरू झालं, सकाळी साडेपाचच्या वेळेला, जेव्हा फारसं कुणी ऐकत नाही. त्यात एक विधवा आणि तिचा बेकरीवाला दीर आहे. चांगलं आहे. पण बाजार अजून त्यासाठी थांबत नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्या नव्या ब्लाउजचं माप घ्यायला गेले होते. टेप खांद्याभोवती धरून मी विचारलं, "सान्तोला माफ केलंस का गं?"

"तो येतो तेव्हा मला त्रास होतो," ती म्हणाली, "आणि यायचा दिवस चुकवतो तेव्हाही होतो." मग म्हणाली, "गळा मोठा ठेव. पट्ट्यानं काचलेलं अजून दुखतं."