गोळीनं उपवास मोडत नाही

गोळीनं उपवास मोडत नाही. हे वाक्य माझं. म्हणजे मी काही ते शोधून काढलेलं नाही. माझी सासू म्हणायची, थोरल्या जाऊबाई म्हणतात, आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया म्हणतात. पण त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघालं आणि ऐकणारी होती माझी सून. अजून ते आठवलं की माझा मलाच असा राग येतो की हातातलं काम तिथंच राहतं.

आमच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस उपवास, आणि तो कडक. सकाळी बिनदुधाचा चहा, मग दिवसभर नुसतं पाणी. संध्याकाळी घटासमोर आरती झाली की भगर, शेंगदाण्याची आमटी, एखादं केळ. लोकांच्या घरी दिवसभर साबुदाण्याची खिचडी, रताळी, राजगिऱ्याचे लाडू चालतात. आमच्याकडे नाही. का नाही, ते मी इतकी वर्षं उपवास धरून कधी विचारलं नाही.

सून लोणंदची. कॉलेज शिकलेली, बोलायला गोड. लग्न होऊन आली तीच अर्धशिशी घेऊन आली. उजवीकडचं अर्धं डोकं धरायचं, उजेड सोसायचा नाही, फोडणीचा वास आला तरी उलटी. ओढणी डोक्याला आवळून अंधाऱ्या खोलीत पडायची. पहिलं वर्षभर मी त्याला नखरे समजत होते. लपवून काय करू, समजत होते.

त्या साली माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, बर्फातल्या ठाण्यावर होता. तो फौजेत आहे. आठ-आठ दिवस फोन नाही. तर ही आपणहून म्हणाली, "आत्या, यंदा मी पण नऊच्या नऊ दिवस धरते, त्यांच्यासाठी." मला काय आनंद झाला! गल्लीभर सांगत फिरले.

दुसऱ्या माळेला तिचं डोकं धरलं. घरात धुपाचा धूर, तेलाचा दिवा चोवीस तास, पोटात काही नाही. दुसरं काय होणार? ती हातात गोळीचं पाकीट घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आत्या, ह्याच्यावर लिहिलंय, जेवणानंतर घ्या म्हणून."

"जेवलीस तर उपवास मोडला," मी म्हटलं. "गोळीनं उपवास मोडत न्हाई. घे पाण्याबरोबर."

पोरगी वाचून विचारायला आली होती हो! लिहिलेलं वाचून, मोठ्या माणसाला विचारायला आली होती.

गोळी उलटीत गेली, म्हणून तिनं दुसरी घेतली. चौथ्या माळेपर्यंत पाकीट संपलं. मग मीच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. "डोक्याची द्या," म्हटलं. दुकानदारानं पाकीट कात्रीनं कापून सहा गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. नाव आणि तारीख राहिली त्याच्या ड्रॉवरमधल्या तुकड्यावर. कुणासाठी, काय होतंय, दुसरी काही गोळी चालू आहे का, एक शब्द विचारला नाही. साबण घ्यायला गेलं तर तोच माणूस विचारतो, मोठा देऊ का छोटा!

पाचव्या माळेला तिला उभं राहवेना. तेव्हा मी माझ्या डब्यातली गुडघ्याची गोळी काढून दिली. "ही घे, जोराची हाय. डॉक्टरनं दिलेली हाय." सकाळी एक, संध्याकाळी एक. वर त्या पुडीतल्या होत्याच.

सहाव्या माळेला म्हणाली, "आत्या, पोटात लय जळतंय."

"उपाशी पोटी जळायचंच. आता थोडं राह्यलं."

सातव्या माळेला ती घटावर माळ बांधायला गेली आणि तिथंच खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. ओठ पांढरे, अंगाला गार घाम. आमच्या मालकांनी शेजारची जीप मागितली आणि आम्ही मिरज गाठलं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या सुनेएवढी. पहिला प्रश्न विचारला, "शी काळी होते का?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं, मग मान खाली घातली. "दोन दिवस झाले. डांबरासारखी. मला वाटलं उपवासानं असंल."

"गोळ्या कुठल्या घेतल्या?"

मी पुडी पुढे केली. तिनं गोळी उलटीपालटी करून बघितली. "ह्याच्यावर नावच नाही. मी काय ओळखू?"

मालकांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणतो कसा, "काका, साधी डोक्याची गोळी हाय ती."

पलटणीतून रिटायर झालेला माणूस माझा, घरात आवाज चढवत नाही. त्या दिवशी सगळा दवाखाना वळून बघायला लागला. "साधी न् अवघड तुला कुणी इचारलं? तुकडा काढ न् नाव वाच!"

नाव ऐकून डॉक्टरीणबाईनं माझ्या गुडघ्याच्या गोळीचं पाकीट शेजारी ठेवलं. "आजी, ह्या दोन्ही एकाच कुळातल्या. नावं निराळी, काम एकच. एकीवर दुसरी कधी घ्यायची नसते. त्यात उपाशी पोटी, त्यात रोज. पोटाला आतून जखम झाली आहे, रक्त जातंय."

घशातून नळी घालून बघितलं. रक्त चढवलं. तो दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून काढला. मुलाचा फोन आला तर काय सांगायचं, हाच एक विचार. तो तिकडं बर्फात सुखरूप असावा म्हणून ही इथं उपाशी राहिली, आणि मी तिला मरणाच्या दारात नेऊन बसवली.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं तिला समजावून सांगितलं, मीही कान देऊन ऐकलं. उपाशी राहिलं की अर्धशिशी उठते, म्हणून उपवास बंद. दुखणाऱ्या डोक्यावर रोज गोळी घेत गेलं की पुढं पुढं गोळीच डोकं दुखवायला लागते. आठवड्यातून दोन दिवसांच्या वर गोळी लागायला लागली तर मेडिकलमध्ये नाही, डॉक्टरकडे यायचं. ह्या कुळातली गोळी तर हिला पुन्हा द्यायचीच नाही, तिनं दुसरी लिहून दिली. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, आपली गोळी दुसऱ्याला द्यायची म्हणजे प्रसाद नव्हे."

आता ऐका, माझा सगळ्यात मोठा राग कशाचा ते. संध्याकाळी थोरल्या जाऊबाई भेटायला आल्या. खाटेजवळ उभं राहून, पोरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चोरून कायतरी खाल्लं असंल. घटाला फसवलं की असंच हुतंय." आणि मी गप्प बसले! खरं काय ते तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं तर बोट माझ्याकडं वळणार, म्हणून मी पदरानं तोंड पुसत बसले. वर्षभर भावकीत तेच चाललं, धाकटीच्या सुनेनं उपवास मोडला, देवीनं दाखवलं. ती पोरगी सगळं ऐकत राहिली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या साली घट बसले. पहिल्या माळेला भावकीतल्या पाच-सहा बाया आरतीसाठी जमल्या. जाऊबाईंनी सुनेला बघितलं न् सुरू केलं, "यंदा तरी नीट धर गं बाई. मागल्या साली मोडलास, फळ बघितलंस न्हवं?"

सुनेनं तबकातल्या वाती नीट करायला घेतल्या. मान वर नाही.

"आक्का, तिनं न्हाई मोडला," मी म्हटलं. "सात माळा तिनं घासभर चोरून खाल्लं न्हाई. उपाशी पोटी गोळ्या मी चारल्या. माझी गुडघ्याची गोळी बी मीच दिली. रक्त गेलं ते माझ्यामुळं. त्यात देवीला कशाला घेताय?"

"अगं धाकटे, घटापुढं काय बोलतीस—"

"घटापुढंच बोलायचं हाय मला. वर्षभर गिळलंय."

तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या वहिनींचा हात कमरेच्या बटव्याकडे गेलेला मला दिसला. "काय हाय त्यात?" मी विचारलं. रागाच्या भरात जरा ओरडूनच.

"डोक्याची हाय वं. सकाळपासनं दोन झाल्या. आता आरतीनंतर तिसरी घेणार हुते." बाई ओशाळून गेली.

मी आणखी काहीतरी कडक बोलणार होते. पण सून तबक खाली ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काकी, बीपीची गोळी चालू हाय न्हवं तुम्हाला? आणि पित्ताचा त्रास? पाकीट बघू." पाकीट अर्धं कापलेलं होतं. तिनं ते आपल्याकडेच ठेवून घेतलं. "ही आता घेऊ नका. उद्या आपण दोघी दवाखान्यात जाऊ."

मग ती आत गेली, पेलाभर दूध आणि दोन केळी घेऊन आली. आरती व्हायची होती. जाऊबाई दिव्याची वात सारखी करत बसल्या. वात चांगली होती, तरी करत बसल्या.

वहिनींनी एकदा घटाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"खावा," मी म्हटलं. "मोडू दे."