अक्कांचा उजवा खांदा

सकाळी भाजी निवडत बसले होते, तर मोबाइलवर अक्कांचं नाव आलं. मी उचलला नाही. मुद्दाम. म्हटलं वाजू दे, आखाजीपासूनचा माझा राग अजून गेला नाही हे कळू दे त्यांना. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला, तर पलीकडे त्यांची सून वर्षा. "काकू, अक्का गेल्या... झोपेतच." पहिला फोनही तिचाच होता हे आता कळतं. पण सव्वा महिना झाला तरी तो डोक्यातून जात नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन भडगावला आले तेव्हा त्यांनीच मला स्वयंपाकाला लावलं. पुढे आम्ही जळगावला आलो, त्या तिथेच राहिल्या. खापरावरची पुरणपोळी त्यांच्यासारखी करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, आमच्या खान्देशात ही पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, थेट कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. खांद्याला उसंत नाही. गल्लीत कुणाचं लग्न असो, कुणाचा जावई येवो, बोलावणं अक्कांना. पन्नास वर्षं हेच. शेवटी उजवा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी सून घालायची.

जळगावला मीच दाखवलं. एक्स-रेत खांद्याशी खड्यासारखं कॅल्शियम साचलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, शॉकवेव्हच्या पाच सिटिंग घेऊ, आठवड्याला एक. 'शॉक' ऐकलं आणि अक्का चपला शोधायला लागल्या. मला हळूच म्हणतात, "सुमन, माले काय येड लागनं का?" डॉक्टरांनी हसत समजावलं की यात वीज नाही, दाबाच्या लाटा असतात, त्या दुखऱ्या जागी दिल्या की शरीर स्वतःच तिथे दुरुस्तीला लागतं. मग थंडगार जेल लावून ते पिस्तुलासारखं यंत्र खांद्यावर टेकवलं. टकटकटक... अक्कांनी माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, डॉक्टरने खांद्यावर सुतारपक्षीच बसवला गं.

दर मंगळवारी त्या एसटीने यायच्या, मी स्टँडवर घ्यायला जायची. तिसऱ्या सिटिंगनंतर हात कानापर्यंत गेला. चौथीला आल्या त्या स्वतःची वेणी स्वतः घालून, उतरल्या उतरल्या पाठ फिरवून मला दाखवली. डॉक्टरांनी त्या दिवशी पुन्हा बजावलं, दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही, आतलं भरून यायला अजून काही आठवडे लागतील, तोवर या हाताला काम नको.

मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. मी आदल्या दिवशी फोन केला, म्हटलं पोळ्या मी इकडून घेऊन येते. तर म्हणाल्या, "बठ्ठ्या पोरी येतीन. तेस्ले काय इकतनं खावाडू?" सगळ्या पोरी येणार आणि त्यांना विकतचं खाऊ घालायचं, हे त्यांना पटेना. मी पोचले तेव्हा चूल पेटलेली आणि अक्का खापरापुढे. दुखण्याची गोळी घेऊन बसल्या होत्या, तीही डॉक्टरांनी या दिवसांत नको म्हटलेली. मी आरडाओरडा केला. लेकी म्हणाल्या, काकू, बघा तरी, हात किती छान चालतोय. अक्का वर न बघता म्हणाल्या, "हात मना शे. तू ताट ले."

आणि मी ताट घेतलं. हेच लिहायला इतके दिवस लागले. बोलता बोलता, चिडता चिडता दोन पोळ्या आमरसाबरोबर खाल्ल्या, वर अर्धी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी हात छातीच्या वर जाईना. पाचव्या सिटिंगला अक्का आल्याच नाहीत. फोनवर म्हणाल्या, डॉक्टरपुढे कोणत्या तोंडाने येऊ? मी म्हटलं, "नका येऊ. तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये." त्यानंतर दोन महिने आमचं बोलणं म्हणजे जेवलात का, हो जेवले, एवढंच.

तेराव्याला गल्लीतल्या बायका पोळ्या करायला बसल्या. पोळ्या फाटत होत्या. कुणीतरी म्हणालं, अक्का असत्या तर... मला राहवलं नाही. म्हटलं, असत्या तर पुन्हा त्यांनाच बसवलं असतं तुम्ही. वर्षा म्हणाली, "काकू, तुम्हीपण खाल्ल्या होत्या." मी उठून अक्कांच्या खोलीत जाऊन बसले.

पलंगाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलच्या रेघा दिसल्या. बोटांनी भिंत चढायची आणि पोचेल तिथे खूण करायची, असा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. प्रत्येक रेघेपुढे वेड्यावाकड्या आकड्यांत तारीख. मी उठून भिंतीला लागून उभी राहिले, तर पहिल्या चार चढत चढत माझ्या डोक्याच्या वर गेलेल्या. मग आखाजीनंतरची एक, एकदम खाली. मला वाटलं, संपलं इथे. चष्मा पुसून पाहिलं तर तिच्यावर बोटभर अंतराने आणखी एक. तिच्यावर आणखी एक. दर मंगळवारची. शेवटची, त्या गेल्या त्याच आठवड्यातली, माझ्या कपाळाला लागत होती.

एवढं चाललं होतं तर मला एका शब्दाने कळवायचं ना, अक्का... असं मी तिथे बसून कितीदा म्हटलं. पण दोन महिन्यांत मी एकदाही हात कसा आहे म्हणून विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. अक्कांच्या पोटात काही राहायचं नाही.